चिमुकल्या प्राण्यांसाठी पॉलिमर क्ले कोणती घ्यावी? (एक शेकरू, एक खिलार बैल आणि एक मांजर)

हिरडा

नमस्कार मंडळी,

लहानपणी पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही भावंडे ओढ्याकाठच्या चिकणमातीचे बैल करत असू आणि दिवाळीत तेच बैल किल्ल्याच्या पायथ्याशी चरायला सोडत असू. त्यांची शिंगे तुळशीच्या लग्नापर्यंत शाबूत राहिल्याचे मला तरी आठवत नाही. आता चाळीस वर्षांनी पुन्हा तोच उद्योग हाती घेतला आहे, फक्त शिंगे टिकावीत एवढी अपेक्षा वाढली आहे.

आमच्या जुन्या वाड्याची फुटाला एक इंच या प्रमाणातली, म्हणजे मूळच्या एक बारांश आकाराची प्रतिकृती मी गेली दोन वर्षे लाकडात करते आहे. ओसरी, न्हाणीघर आणि गोठा पूर्ण झाला असून आता त्यात प्राणी हवे आहेत. गोठ्यात एक पांढरा खिलार बैल, चुलीशेजारी अंगाचे वेटोळे करून बसलेली मांजर आणि परसातल्या आंब्यावर एक शेकरू असा बेत आहे. वाडा भीमाशंकरच्या पायथ्याचा असल्यामुळे शेकरूवाचून तो पुरा होणार नाही.

शाडूमाती वापरून पाहिली, परंतु वाळताना पाय धडापाशी तडकतात. नंतर स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत क्लेचे एक पाकीट आणले, त्यावर कंपनीचे नाव नव्हते आणि भाजण्याचे तापमानही छापलेले नव्हते. अंदाजाने भाजलेल्या त्या मांजरीची शेपटी तिसऱ्या दिवशी, तिला नुसती उचलताना, कटकन मोडून हातात आली. ही चूक पुन्हा करायची नाही.

ऑनलाइन शोधले तर फिमो, स्कल्पी, प्रीमो, सर्निट, कॅटो अशी नावे समोर येतात आणि प्रत्येकीखाली ‘हीच सर्वोत्तम’ असे कोणीतरी लिहिलेले असते. माझ्याकडे १६ लिटरचा साधा ओटीजी आहे, राहायला पुण्यात आहे आणि सुरुवातीला एकाच प्रकारची क्ले विकत घेण्याइतके बजेट आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोरणी

हिरडाताई, आपण ब्रँडच्या नावापासून सुरुवात केलीत म्हणून उत्तर अवघड झाले आहे. प्राण्याच्या सर्वांत बारीक अवयवापासून सुरुवात करा, म्हणजे निम्मे काम हलके होईल.

जरा हिशेब करून पाहू. मांजरीची खांद्यापाशी उंची साधारण २५ सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या प्रमाणात ती जेमतेम २ सेंटिमीटर होते आणि तिची शेपटी फार तर २ मिलिमीटर जाड राहते. शेकरू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटरचे, तेव्हा आपले शेकरू ८ सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि त्यातली निम्म्याहून अधिक लांबी शेपटीचीच असेल. त्याची बोटे तर मिलिमीटरभरही जाड नसतील. याउलट खिलार बैल खांद्यापाशी १४० सेंटिमीटरच्या घरात भरतो, म्हणून गोठ्यातला बैल साडेअकरा सेंटिमीटर उंच आणि चांगला भरदार होईल, पण त्याची मागे झुकून वर वळणारी लांब शिंगे टोकाशी सुईसारखीच असणार. म्हणजे आपल्या तिन्ही प्राण्यांत मोडण्याची जागा एक-दोन मिलिमीटर जाडीची आहे. क्ले त्या जागेसाठी निवडायची, धडासाठी कोणतीही चालते.

आता ही क्ले म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. नावात क्ले असली तरी तिच्यात माती औषधालाही नसते. पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे तेलकट प्लास्टिसायझर, थोडे भरणद्रव्य आणि रंग एवढेच तिच्यात असते. उष्णता मिळाली की पीव्हीसीचे कण ते प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत वितळून सांधले जातात. पाणी नसल्यामुळे आटणे जवळपास नसते, म्हणून शाडूचे पाय जसे धडापाशी तडकले तसे इथे होत नाही. मात्र तापमान कमी पडले तर कण नुसते एकमेकांना चिकटतात, सांधले जात नाहीत. वस्तू बाहेरून कडक लागते, पण वाकवली की बिस्किटासारखी तुटते. आपल्या मांजरीची शेपटी बहुधा याच कारणाने गेली असावी, क्ले वाईट होती असे मी लगेच म्हणणार नाही.

दुकानदार आणि नवखे लोक ज्यांची गल्लत करतात असे दोन गुण वेगळे ठेवा. एक म्हणजे कच्ची असताना क्ले किती घट्ट आहे, कारण घट्ट क्लेवर सुईने ओढलेली केसाची रेघ तशीच राहते आणि मऊ क्लेवर ती बोटाच्या पुढच्याच स्पर्शाने पुसली जाते. दुसरा म्हणजे भाजल्यावर ती किती चिवट आहे, म्हणजे बारीक भाग वाकून परत येतो की मोडतो. स्कल्पी थ्री हातात लोण्यासारखी मऊ असते, मुलांना ती आवडते, पण भाजल्यावर बारीक अवयवांत तिचा चिवटपणा कमी पडतो. त्याच कंपनीची प्रीमो मध्यम घट्ट आहे आणि भाजल्यावर चांगली लवचिक राहते. फिमोमध्ये ‘सॉफ्ट’ आणि ‘प्रोफेशनल’ असे दोन प्रकार ठळक आहेत, त्यांपैकी प्रोफेशनल अधिक घट्ट, बारकावे धरून ठेवणारी आणि चिवट आहे. कॅटो सर्वांत कणखर म्हणून ओळखली जाते, पण ती मळायला अक्षरशः घाम काढते आणि १५० अंशांच्या आसपास भाजावी लागते. आपल्या लहान ओटीजीत तो प्रयोग आत्ताच नको. सुपर स्कल्पी ही अंगाच्या रंगाची, ४५४ ग्रॅमच्या मोठ्या ठोकळ्यात मिळणारी क्ले मूर्तिकारांची आवडती आहे आणि तिचाच करड्या रंगाचा ‘फर्म’ प्रकार बारकाव्यांसाठी उत्तम आहे, मात्र तो वापरायचा तर वरून रंगकाम आलेच.

माझा कौल असा: एकच घ्यायची असेल तर प्रीमो किंवा फिमो प्रोफेशनल यांपैकी जी ताजी मिळेल ती घ्यावी. ‘ताजी’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो आहे. दुकानात गेलात तर पाकीट अंगठ्याने दाबून पाहा. किंचित दबले पाहिजे. दगडासारखे लागले किंवा आत भुगा झाल्यासारखे वाटले तर ब्रँड कितीही नामांकित असो, ते तिथेच ठेवा.

आणि क्लेच्याही आधी ओव्हनचा थर्मामीटर घ्या.

खटपट्या

कोरणी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. एवढ्या महाग, परदेशी आणि भाजाव्या लागणाऱ्या क्लेचा अट्टहास कशासाठी? आपल्याकडे फेविक्रिलचे मोल्डइट किंवा साधे एम-सील कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दोन भाग समप्रमाणात मळले की ते आपोआप घट्ट होते, ओव्हनची भानगड नाही आणि बारीक शिंग दगडासारखे मजबूत होते. मी याच पद्धतीने गणपतीच्या आराशीतले हरीण केले होते, त्याला आज सहा वर्षे झाली आणि एक पायही मोडलेला नाही. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी केक करतात तशी कुकरमध्ये किंवा कढईत मीठ पसरून, वर ताटली ठेवून पॉलिमर क्ले भाजली तर चालेल का, हेही कोणी सांगावे.

कोरणी

खटपट्याराव, इपॉक्सीची, म्हणजे आपल्या मोल्डइट आणि एम-सीलसारख्या दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लगद्याची, मजबुती मी नाकारत नाही. खिलार बैलाच्या शिंगासाठी मी स्वतः ती एकदा वापरली आहे. पण तिचे घड्याळ पहिल्या मिनिटापासून चालू होते. दोन भाग मिसळले की हाताशी तासभर, फार तर थोडा अधिक वेळ असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे ती बोटांना चिकटते आणि शेवटची वीस मिनिटे ऐकत नाही. शेकरूच्या शेपटीवरचे केस सुईने ओढायला मला दोन संध्याकाळी लागतात. पॉलिमर क्ले भाजेपर्यंत आठवडाभरही तशीच थांबते, मध्ये पाहुणे आले, वीज गेली, तरी तिचे काही बिघडत नाही. शिवाय न घट्ट झालेली इपॉक्सी वारंवार उघड्या हातांनी हाताळल्यास त्वचेला त्रास होऊ शकतो, त्यामुळे हातमोजे घालावे लागतात आणि हातमोजे घालून दोन मिलिमीटरचा कान घडवणे मला तरी जमलेले नाही. हवेत वाळणाऱ्या क्ले किंवा कॉर्नफ्लोअर व फेव्हिकॉल शिजवून केलेले घरगुती मिश्रण यांची अडचण शाडूसारखीच आहे. त्यांतले पाणी उडते, वस्तू आटते आणि आत तारेचा सांगाडा असेल तर तो आटत नसल्यामुळे वरचा थर तडकतो.

कढई आणि कुकरबद्दल मात्र स्पष्टच सांगतो: करू नका. तिथे तापमानावर आपला ताबा नसतो. तळाशी मीठ प्रचंड तापलेले असते आणि वर ते किती आहे हे कळायला मार्ग नसतो. १७५ अंशांच्या पुढे पीव्हीसी जळू लागले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घशाला झोंबणारा वायू सुटतो. ज्या भांड्यात उद्या भात शिजायचा आहे त्यात हा उद्योग नको. उकळत्या पाण्याचा मार्गही काही जण सुचवतात, परंतु १०० अंशांत क्ले पुरती सांधली जात नाही. मायक्रोवेव्हही नको, एक तर त्यात क्ले सारखी तापत नाही आणि आत तार असेल तर ठिणग्या उडतील. मात्र कन्व्हेक्शनची सोय असलेल्या यंत्रात केवळ कन्व्हेक्शनवर भाजायला हरकत नाही.

वऱ्हाडी_मामी

मी नागपूरची. पुण्यातल्या मंडळींना ज्याची कल्पना नसते ती गोष्ट सांगते, म्हणजे आमचा मे महिना.

बाहेर ४५ अंश असताना कुरिअरच्या बंद गाडीत आणि गोदामाच्या पत्र्याखाली किती असेल याचा विचार करा. मागे एकदा मी ऐन मे महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बारा रंगांचा संच मागवला. त्यातले चार ठोकळे हातात घेताच शिळ्या बेसनवडीसारखे भुरभुरले, कारण क्ले वाटेतच अर्धवट भाजली गेली होती. विक्रेत्याने अर्थातच हात वर केले. त्यानंतर मी वर्षाची सगळी खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकते आणि माठाच्या मागच्या फडताळात, घरातल्या सर्वांत गार जागी, डबा ठेवते.

डब्यावरून आठवले. कच्ची क्ले कडक, पारदर्शक, टकटक वाजणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. पॉलिस्टायरिनची डबी असेल तर प्लास्टिसायझर तिला खातो, डबी आणि क्ले दोन्ही एकमेकांना चिकटून वाया जातात. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेले, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचे डबे चालतात.

दुसरा मुद्दा क्ले निवडण्याचाच आहे. उन्हाळ्यात माझ्या हातात मऊ क्ले तुपासारखी पाघळते. फिमो सॉफ्ट जानेवारीत मला अतिशय आवडते, पण एप्रिलनंतर मी तिला हात लावत नाही, तेव्हा फक्त प्रोफेशनल किंवा तशीच घट्ट क्ले. कोणाकडे मऊच क्ले उरली असेल तर तिची पातळ पोळी लाटून दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवावी आणि वर शब्दकोशासारखे जड पुस्तक ठेवावे. दोन-चार तासांत कागदावर तेलाचे डाग उमटतात, म्हणजे जास्तीचे प्लास्टिसायझर कागदाने ओढून घेतले. रात्रभर मात्र विसरू नका, नाहीतर सकाळी क्ले कोरडीठाक सापडेल. काम करताना मध्येच मूर्ती दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवली की पुन्हा सुईची रेघ धरू लागते.

हिरडाताईंचा बैल पांढरा आहे, म्हणून एक इशारा: पांढरी क्ले घरातला प्रत्येक धागा, प्रत्येक केस आणि आधीच्या रंगाचा प्रत्येक कण उचलून घेते. मी पांढरे काम नेहमी आधी करते, सुती साडी नेसून, आणि शेजारी ओला टिश्यू ठेवून. लाल आणि काळा रंग सर्वांत शेवटी.

पेग्निट्झकाठचा

मी सध्या न्यूरेंबर्गमध्ये राहतो. फिमो बनवणारी श्टेटलर ही कंपनी याच गावची, त्यामुळे इथे चित्रकलेच्या प्रत्येक दुकानात भिंतभर फिमो दिसते. तिचा इतिहास या धाग्याच्या विषयाला लागूनच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. केटे क्रूजे या प्रसिद्ध जर्मन बाहुलीकार बाईंना १९३९च्या सुमारास बाहुल्यांच्या कामासाठी हे प्लास्टिकचे द्रव्य सुचवण्यात आले, पण कारखान्यात ते काही जमेना. तेव्हा ते त्यांच्या मुलीच्या, सोफी यांच्या हाती आले. सोफींना घरी फिफी म्हणत. फिफी आणि मोझाइक या दोन शब्दांच्या जोडणीतून पुढे फिमो हे नाव निघाले आणि १९६४मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने ते उत्पादन घेतले. श्टेटलरकडे ते नंतर आले. स्कल्पीची कथा याहून गमतीची आहे. अमेरिकेत ती ट्रान्सफॉर्मरची उष्णता वाहून नेणारे द्रव्य म्हणून तयार झाली होती, त्या कामात ती नापास झाली आणि शिल्पकारांच्या हाती लागली.

मला सर्निटबद्दल कोणीच का लिहीत नाही याचे आश्चर्य वाटले. आता ती बेल्जियममध्ये बनते. भाजल्यावर तिला पोर्सेलिनसारखी किंचित अर्धपारदर्शक झाक येते, म्हणूनच बाहुल्या करणारे तिच्यावर जीव टाकतात. मांजरीच्या कानातला गुलाबी भाग उजेडासमोर धरला की खऱ्या कानासारखा उजळतो, हे मी दुसऱ्या कोणत्याही क्लेत इतके चांगले पाहिलेले नाही. बारीक भागांत ती चिवटही आहे. माझ्या मते हिरडाताईंनी सर्निटच घ्यावी.

कोरणी

पेग्निट्झकाठचे, आपल्या म्हणण्यातला कानाचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही. आपण ज्या खोलीत काम करता तिथे बहुधा वीस अंश असतील. सर्निट हाताच्या उबेने लवकर मऊ पडते आणि गार झाली की पुन्हा घट्ट होते. पुण्यात मार्चच्या दुपारी पंख्याखाली काम करणाऱ्या नवख्या व्यक्तीला तिच्यावर शेकरूचे केस ओढता येणार नाहीत, आणि आले तरी दुसरी बाजू करताना पहिली बाजू दाबली जाईल. शिवाय अर्धपारदर्शक क्लेत, आणि सुपर स्कल्पीतही, भाजल्यावर आत पांढुरक्या चंद्रकोरी दिसण्याचा धोका असतो. अडकलेली हवा आणि ओलावा हे त्याचे कारण सांगतात, आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा? बैलाच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर अशा चार कोरी उमटल्या तर रंगाखाली झाकाव्या लागतील.

तडजोड अशी करता येईल: अंग प्रीमो किंवा फिमो प्रोफेशनलचे करावे आणि कानाच्या आत व नाकपुडीशी सर्निटचा मोहरीएवढा कण लावावा. वेगवेगळ्या ब्रँडच्या क्ले एकत्र भाजायला अडचण नाही, फक्त तापमान दोघींनाही मानवेल असे ठेवावे. फिमोच्या पाकिटावर ११० अंश आणि ३० मिनिटे असते, प्रीमोला १३० अंश आणि दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटे लागतात, सर्निटला ११० ते १३० अंश चालतात.

हिरडा

सर्वांचे मनापासून आभार. थर्मामीटर आला आणि पहिल्याच दिवशी माझे डोळे उघडले. ओटीजीची कळ १३० वर ठेवली असता काटा आधी १५८ पर्यंत चढला, मग कॉइल बंद होऊन १२१ पर्यंत उतरला आणि पुन्हा चढू लागला. कळ ११५च्या थोडी अलीकडे ठेवून, आत एक जाड फरशीचा तुकडा कायमचा ठेवून आणि वीस मिनिटे आधी तापवून घेतल्यावर हा हेलकावा १२६ ते १३४ एवढाच राहिला. म्हणजे जुन्या मांजरीला मी किती अंशांवर भाजले होते हे आता देवच जाणे.

शेवटी प्रीमोचे पांढरा, तपकिरी आणि फिका पिवळसर असे तीन ठोकळे, प्रत्येकी ५७ ग्रॅमचे, घेतले आहेत. कोरणी यांनी सुचवलेला बारीक भागाचा मुद्दा तपासण्यासाठी दोन मिलिमीटर जाडीच्या तीन पट्ट्या लाटल्या आणि १०, २० व ३० मिनिटे भाजल्या. पूर्ण गार झाल्यावर वाकवून पाहिल्या. दहा मिनिटांची पट्टी थोडी वाकताच तुटली आणि तुटलेली कडा खडूसारखी दाणेदार होती. वीस मिनिटांची बरीच वाकली, पण मधोमध पांढरी रेघ उमटली. तीस मिनिटांची पट्टी इंग्रजी ‘यू’च्या आकारात वाकली आणि सोडल्यावर परत आली. गरम असताना मात्र तिन्ही सारख्याच लेच्यापेच्या होत्या, तेव्हा ओव्हनमधून काढल्याकाढल्या ‘कच्चीच राहिली’ असे म्हणून पुन्हा आत ढकलण्याची घाई करू नये, हे मला नवे होते.

आता तीन शंका आहेत. बैलाच्या पोटात काय भरावे? पांढरा रंग भाजताना पिवळा पडू नये म्हणून काय करावे? आणि तारेवर क्ले नीट बसत नाही, सरकते, त्याला काय उपाय?

वऱ्हाडी_मामी

पोटात ॲल्युमिनियमची फॉइल. घट्ट चुरगाळून, हातोडीने हलके ठोकून, बैलाच्या धडाचा आकार द्या आणि वर सगळीकडे चार-पाच मिलिमीटरचा सारखा थर चढवा. क्ले वाचते, वजन कमी राहते आणि भाजणे सारखे होते. फॉइल सैल राहिली तर तिच्यातली हवा भाजताना पसरून पोटावर फोड येतो, माझ्या एका म्हशीला असा आला होता आणि मी तिला गाभण म्हणून खपवले.

पांढऱ्यासाठी: दुसऱ्या फॉइलचा तंबू करून मूर्ती पूर्ण झाकावी, कॉइलच्या थेट आचेसमोर ठेवू नये. शिंगे आणि कान वर असतात, तेच आधी करपतात.

कोरणी

तारेबद्दल: गुळगुळीत तारेला क्ले चिकटत नाही, ती तारेभोवती फक्त वेढून बसते. ०.८ मिलिमीटरची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार घेऊन तिच्यावर त्याहून बारीक तारेचे वेढे द्यावेत, मग फेव्हिकॉलचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ओला राहिला तर त्यातले पाणी आत बुडबुडे करील. शिंगांत, शेपटीत आणि चारही पायांत तार असलीच पाहिजे. क्ले चिवट आहे म्हणून तार गाळू नका.

आणि सगळे एका दमात भाजण्याचा हट्ट नको. शेकरूचे धड व डोके आधी करून भाजा. त्यानंतर शेपटी चढवून तिचे केस करा आणि पुन्हा भाजा, म्हणजे शेपटी धरताना चेहरा बोटाखाली चिरडला जाणार नाही. योग्य तापमानात दोन-तीनदा भाजल्याने क्लेचे काही बिघडत नाही. बोटांचे ठसे भाजण्यापूर्वी काढावेत, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ कुंचला किंचित बुडवून फिरवला की ते निघून जातात. केस ओढून झाल्यावर सुईच्या दोन्ही बाजूंना उठलेले कण त्याच कुंचल्याने झटकावेत.

शेवटचा हात म्हणून नखांना लावायचे पॉलिश किंवा डब्यातला स्प्रे वापरू नका, कारण त्यांतील द्रावणामुळे पृष्ठभाग काही महिन्यांनी चिकट होऊ शकतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वार्निश, तेही फक्त डोळ्यांवर आणि नाकावर लावावे. केसाळ प्राणी अंगभर चमकला की तो चिनीमातीचा दिसतो.

खटपट्या

मी माझे मत थोडे बदलतो. हिरडाताईंच्या तीन पट्ट्यांचा प्रयोग मी एका मित्राच्या ओव्हनमध्ये करून पाहिला, कढईत नव्हे, आणि तीस मिनिटांच्या पट्टीने मला निरुत्तर केले. बैलाच्या शिंगांसाठी मात्र मी अजूनही मोल्डइटच म्हणेन.

हिरडा

शेकरू झाले. अंग तपकिरीत किंचित लाल मिसळून केले, पोट व शेपटीचे टोक फिक्या पिवळसर रंगाचे ठेवले आणि दोन्ही रंगांच्या सीमेवर सुई एका रंगातून दुसऱ्या रंगात ओढत नेली, त्यामुळे कडा रेघेसारखी न दिसता केसांत विरून गेली. लाल भाजल्यावर अपेक्षेपेक्षा गडद झाला. शेपटी टेबलावरून एकदा फरशीवर पडली आणि मोडली नाही.

डोळ्यांसाठी आईच्या सुटलेल्या मंगळसूत्रातले काळे मणी वापरायचा विचार आहे. दीड मिलिमीटरचे आहेत, मापाला अगदी बरोबर बसतात. ते ओव्हनमध्ये टिकतील का?

वऱ्हाडी_मामी

काचेचे असतील तर बिनघोर वापरा, पण हल्ली त्या सरीत प्लास्टिकचे मणीही मिसळलेले असतात. दोन मणी क्लेच्या गोळीत रुतवून आधी तीस मिनिटे भाजा. प्लास्टिकचा असला तर तो लगेच बसका होतो. आणि डोळे भाजण्यापूर्वीच बसवा, नंतर खाचा कोराल तर पापण्या करता येणार नाहीत.